दारात सायकल, घरात स्थळ

समोरच्या बंगल्यातले साहेब सोमवारपासून सायकलवर बँकेत जायलेत, ही बातमी गल्लीत सगळ्यांत शेवटी मला कळली. दूधवाल्याला माहीत होती, इस्त्रीवाल्याला माहीत होती, कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं तर तिच्यावर दोन दिवस गिऱ्हाईक रमवलं होतं. मला शेजारच्या वहिनींनी सांगितली, कंपाउंडच्या भिंतीवरून, मेथी निवडता निवडता.

"ताई, मला तर वाटतंय कर्ज झालं असंल."

"कुणाला?"

"साहेबांना हो! पांढरी गाडी दारात कव्हर घालून उभी अन् माणूस सायकलवर. उगीच कोण जाईल?"

जालन्यात सायकलवर बसलेल्या माणसाला कारण द्यावं लागतं. शाळेचं पोरगं असेल, मिलमध्ये पाळीला जाणारा कामगार असेल, पंच्याहत्तरीचे गुरुजी असतील, तर कुणी वळून बघत नाही. पण मधल्या वयाच्या, कडक इस्त्रीच्या माणसानं पायडल मारलं की शक्यता तीनच: साखर वाढली, हप्ते थकले, नाहीतर घरात वाजलं. आमच्या गल्लीत तिन्ही पक्ष तयार होते. वहिनी हप्त्याच्या बाजूच्या. इस्त्रीवाला तिसऱ्या बाजूचा, आणि त्याची खबर सहसा खोटी निघत नाही.

"पण साहेबांचं जाऊ द्या," वहिनींनी आवाज खाली आणला. "आमच्या धाकट्यानंही तेच खूळ घेतलंय डोक्यात."

धाकटा एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलच्या ऑफिसात आहे. आमची वसाहत अंबड चौफुलीच्या अंगाला, मिल संभाजीनगर रोडला. म्हणजे गांधी चमन, मग उतरून कुंडलिकेचा पूल, पुन्हा चढून नवा जालना, आणि तो सगळा ओलांडून पलीकडं. सहा-सात किलोमीटर सहज होतात. पेट्रोल शंभरीच्या वर जाऊन बसलंय ते काही खाली यायचं नाव घेत नाही. पोराचं गणित चूक नव्हतं.

"मग घेऊ द्या की. त्यात काय?"

"अहो, कोणती ते तर ऐका! मोबाइलवर बघून ठेवलीये. फिक्सी म्हणतात म्हणे तिला. गिअर नाही, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही, अन् ताई, ब्रेकसुद्धा नाही! किंमत पंचवीस हजार. एवढं सगळं काढून घेतल्यावर किंमत कमी व्हायला नको का?"

वहिनी हे मला विचारतात, त्याला कारण आहे. माझ्या बाबांचं जुन्या जालन्यात सायकलचं दुकान होतं. विक्री थोडी, दुरुस्ती जास्त, आणि तासाच्या भाड्यानं द्यायला भिंतीला टेकवलेली सायकलींची एक रांग. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडा कुठून येतो ते बघायचं, हे माझं काम. लग्न झालं आणि मी कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागले. पण रस्त्यानं जाणाऱ्या सायकलचा आवाज ऐकून कॉटर ढिला आहे की चेन कोरडी, हे अजून सांगते. गल्लीत याचा लौकिक आहे. उपयोग मात्र पहिल्यांदाच होत होता.

"वहिनी, तुमच्याकडं शिलाईची पायमशीन आहे ना?"

"आहे की. सासूबाईंची."

"तिचं चाक फिरतंय तोवर खालचा पायटा हलतच राहतो. पाय काढून घेतला तरी. राहतो ना?"

"राहतो. एकदा माझं बोट सापडलं होतं त्यात."

"फिक्सी तशी. मागचं चाक अन् पायडल एकमेकांना बांधलेले. उतारावर पाय थांबवावे म्हटलं तर चाक पायांना ओढून नेतं. वेग कमी करायचा तर पायांनीच उलटा जोर लावायचा. अन् आपली साधी सायकल असते, तिच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील. पाय थांबवले की टिक्-टिक् करत चाक आपलं आपलं पुढं जातं. गिअर दोन्हींना एकच. पण ही सिंगल स्पीड अन् ती फिक्स्ड. दिसायला सारख्या, म्हणून पोरांचा घोळ होतो."

"म्हणजे पाय थांबवायचेच नाहीत? गांधी चमनपासून मिलपर्यंत?"

"थांबवायचेच नाहीत."

वहिनींनी मेथी खाली ठेवली.

तसं बघितलं तर फिक्सीला मी नावं ठेवणार नाही. तिची जागा वेगळी आहे. पुण्याला बालेवाडीत १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी जे संकुल उभं राहिलं, तिथं सायकल शर्यतींचा तिरप्या काठांचा ट्रॅक आहे. त्याला वेलोड्रोम म्हणतात. तिथं याच सायकली चालतात, आणि ब्रेक नसलेल्याच चालतात. सगळे एकाच दिशेनं जाणारे. मध्येच एकानं ब्रेक दाबला तर मागचे चार त्याच्यावर येऊन पडतील. तिथं ब्रेक नसणं हीच सुरक्षितता.

"अन् गांधी चमनला म्हैस मध्ये येते," वहिनी म्हणाल्या.

"तेच तर म्हणायले मी."

एवढ्यात धाकटाच बाहेर आला. टॉवेल खांद्यावर, मोबाइल हातात. आपल्याबद्दल चाललंय हे पोरांना कसं कळतं कोण जाणे. "मावशी, तुम्हीपण आईच्याच पार्टीत? गिअर नसला की मेंटेनन्स कमी. मी वाचलंय सगळं."

"मी तुझ्याच पार्टीत आहे रे. गिअर नकोच. फक्त ब्रेक हवेत अन् फ्रीव्हील हवा."

गिअरच्या बाबतीत पोरगं बरोबरच होतं. साहेबांची सायकल २१ गिअरची आहे. वहिनींची बातमी अशी की मंगळवारी साहेब पुलाच्या चढावर सायकल हातात धरून चालत होते. चेन पडली होती आणि दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. मला नवल वाटलं नाही. आठ-दहा हजारांच्या सायकलला २१ गिअर बसवायचे म्हणजे प्रत्येक सुटा भाग हलका लागणार. मागं लोंबणारा गिअर एकदा भिंतीला घासून वाकला की चेन हव्या त्या चकतीवर बसत नाही, आणि तो नीट लावून देणारा हात गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडं असेलच असं नाही. महागाच्या गिअरची गोष्ट निराळी. पण त्या किमतीत इथं जुनी मोटारसायकल येते.

आणि गिअरवाचून अडतंय कुठं? फ्रान्समध्ये ती मोठी सायकल शर्यत होते, टूर द फ्रान्स, तिच्यात १९३७ सालापर्यंत चालता चालता बदलायच्या गिअरना मनाई होती. मागच्या चाकाला दोन्ही अंगांनी दाते असायचे. डोंगर आला की गडी खाली उतरायचा, चाक काढायचा, उलटं करून बसवायचा आणि पुढं निघायचा. अशी माणसं आल्प्स चढून गेली. तसला दुतोंडी हब आजही मिळतो, एका बाजूला फिक्स्ड आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील. धाकट्याला मी म्हटलं, अगदीच हौस असेल तर तसला हब घे, पुढं-मागं दोन ब्रेक लाव आणि रविवारी सकाळी रिकाम्या मैदानावर काय ते पाय फिरव. मिलला जाताना फ्रीव्हीलची बाजू.

"पण मावशी, साधी सायकल जड असते. चढावर दमायला होतं."

हा प्रश्न मात्र कामाचा. याचं उत्तर दात्यांत असतं, आणि दुकानात कुणी दाते मोजत नाही.

काळ्या, मोठ्या २८ इंची सायकलला पुढच्या चकतीवर साधारण ४४ दाते असतात आणि मागच्या फ्रीव्हीलवर १८. पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं आणि सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढं सरकते. मिनिटाला साठ फेरे मारले तर तासाला १९-२० किलोमीटर होतात. सपाट रस्त्याला ही चाल झकास. पण कुंडलिकेवरून वर येताना, समोरून वारा आणि कॅरिअरवर डबा-दप्तर असलं की हाच हिशोब मांड्यांत उतरतो. मग काय करायचं? फ्रीव्हील काढायचा आणि २० दात्यांचा बसवायचा. एका फेऱ्याला पाच मीटरला जरा कमी पडतात, चढ सुसह्य होतो, आणि सपाटीवर दोन किलोमीटरचा वेग गेला तर मिलचा भोंगा काही त्यासाठी अडून राहत नाही. चेनची एखादी कडी वाढवावी लागते एवढंच. खर्च दोन वेळच्या चहा-नाश्त्याचा. बाबा म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना न विचारताच मोठा फ्रीव्हील टाकून द्यायचे. ते पुढच्या वेळी येऊन म्हणायचे, तुमची सायकल हलकी पळते बुवा.

वजनाचं मात्र पोराचं खरं आहे. मडगार्ड, कॅरिअर, स्टँडसकट काळी सायकल वीस किलोच्या आसपास भरते, आणि त्या बारीक टायरच्या नव्या सायकली बारा-तेरा. तिसऱ्या मजल्यावर उचलून न्यायची असेल तर हा फरक रोज कळेल. आमच्या वसाहतीत सगळी घरं बैठी.

"अन् ते बारीक टायर?" वहिनींनी विचारलं. "फोटोत तर बोटाएवढाले दिसायलेत."

ही खरी मेख. ती फिक्सी असते ७०० सी मापाच्या चाकाची. कागदावर लोक तिलाही अठ्ठावीसच म्हणतात. पण तिची रिम ६२२ मिलिमीटरची आणि आपल्या काळ्या सायकलची ६३५. तेरा मिलिमीटरचा फरक. एकीचा टायर दुसरीला बापजन्मी बसायचा नाही. सव्वीसचंही तेच. रेंजर सायकलचा जाडा सव्वीसचा टायर ५५९च्या रिमवर बसतो आणि साध्या हलक्या सायकलचा एक-तीन-अष्टमांशवाला सव्वीसचा ५९०च्या. म्हणून दुकानात जाऊन नुसतं "सव्वीसचा टायर द्या" म्हणू नये. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेलं माप वाचून दाखवावं. चष्मा घेऊन जावं.

आता समजा रात्रीची पाळी सुटली आणि एमआयडीसीच्या रस्त्यावर टायर बसला. तिकडं भंगाराच्या गाड्या दिवसरात्र चालतात. जालन्याची सळई त्याच भंगारातून वितळून निघते. रस्त्यावर लोखंडाचा तुकडा सापडणं नवलाचं नाही. काळ्या सायकलची ट्यूब, वॉल, गट्टू, छर्रे, कॉटर, सगळं बदनापूरपासून परतूरपर्यंत कुठल्याही फाट्यावर मिळतं. ७०० सीची ट्यूब मागितली तर दुकानदार तुम्हालाच विचारील, ते काय असतं? काही महागड्या सायकलींच्या ट्यूबचा वॉलही निराळा, बारीक आणि उंच. फाट्यावरच्या पंपाचं तोंड त्याला लागतच नाही. म्हणजे हवासुद्धा घरून न्यायची.

माझं म्हणणं या एका गोष्टीवर येऊन थांबतं. रोजच्या कामाची सायकल निवडताना दुकान आधी बघावं आणि सायकल नंतर. आपल्या वाटेवर जो मिस्त्री बसतो, त्याच्या पत्र्याच्या डब्यात जिचे भाग आहेत ती सायकल आपली.

"मग कोणत्या कंपनीची घ्यायची? आमचे हे म्हणतात ॲटलासच."

भाऊंना कुणीतरी सांगायला हवं. सोनिपतची ॲटलास १९५१ सालची कंपनी. आमच्या दुकानातल्या निम्म्या सायकलींवर खांद्यावर पृथ्वी घेतलेला तो माणूस होता. २०२० साली ३ जूनला त्यांचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला, आणि ३ जून म्हणजे जागतिक सायकल दिन. हे मी सांगितलं तर वहिनींचा विश्वास बसेना. धाकट्यानं मोबाइलवर बघितलं आणि गप्प बसला. लुधियानाची हिरो १९५६पासून आहे. १९८६ साली जगात सर्वांत जास्त सायकली बनवणारी म्हणून गिनीज बुकात गेली. लुधियानाचीच एव्हन आहे, चेन्नईकडची हर्क्युलिस अन् बीएसए आहे. साध्या सायकलीत यांच्यात डावं-उजवं करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. सायकल कारखान्यातून सुटी येते आणि दुकानात जोडली जाते. नाव फ्रेमवर असतं, पण चालते ती ज्यानं स्पोक आवळले त्याच्या हातगुणावर.

म्हणून वहिनींना आणि धाकट्याला मी दुकानात काय बघायचं ते शिकवलं. भिंतीवरूनच, पण हातवारे करून. सायकल उलटी करायला सांगायची, सीट आणि हँडलवर उभी. मागचं चाक हातानं जोरात फिरवायचं आणि अंगठ्याचं नख ब्रेकच्या गट्टूला टेकवून रिमपासून केसभर लांब धरायचं. रिम सरळ फिरत असेल तर नखाला लागणार नाही. एका जागी टक् करून लागली तर चाकात आउट आहे; तिथंच काढून मागायचा, "दोन दिवसांनी आणा" हे ऐकायचं नाही. मग चाक दोन हातांनी धरून डावी-उजवीकडं हलवायचं. खुळखुळलं तर कोन ढिला. पायडल हळूहळू फिरवत चेनकडं बघायचं. मधोमध बोटानं दाबली तर अर्धा इंच खाली-वर व्हावी. तंग असेल तर पाय लवकर दमतात आणि दाते झिजतात. ढिली असेल तर नेमकी गर्दीत उतरते. सिंगल स्पीडची चेन ताणायला वेगळं यंत्र लागत नाही. मागचे दोन नट सैल करायचे, चाक मागं ओढायचं, दोन्ही बाजूंना चिमट्यापासून सारखं अंतर आहे का बघायचं आणि नट आवळायचे. एवढं वहिनींनासुद्धा जमेल.

"मला कशाला?"

"येत असावं."

मग सायकल सरळ करून दांडा दोन पायांच्या मध्ये घेऊन उभं राहायचं. दांडा आणि आपण, मध्ये दोन-तीन बोटं मोकळी हवीत. उंच फ्रेम रुबाबदार दिसते म्हणून घेणारे पुष्कळ, आणि मग सिग्नलला कडेचा दगड शोधतात. सीटची उंची अशी की टाच पायडलवर टेकवून पायडल अगदी खाली नेलं तर गुडघा सरळ व्हावा. आपल्याकडं निम्मा जालना सीट खाली दाबून गुडघे छातीला लावत सायकल चालवतो आणि मग म्हणतो, गुडघे दुखतात.

ब्रेकवर मी जरा जास्त बोलले. जुन्या काळ्या सायकलीला सळईचे ब्रेक असतात; बिघडत नाहीत, पण पावसात ओल्या रिमवर धरतात ते देवाचं नाव घेऊनच. रोज पूल उतरायचा असेल तर तारेचे ब्रेक बरे. पॉवर ब्रेक असतील तर आणखी चांगले. गट्टू गेले तरी फाट्यावर मिळतात. या भावात डिस्क ब्रेक आणि शॉकअप असलं काही असेल तर ते बघायचंसुद्धा नाही. स्वस्तातला शॉकअप म्हणजे चिमट्यात भरलेलं वजन.

"ताई, जिन्याखाली यांची जुनी ॲटलास पडलीये. तीच करून घेतली तर?"

पैसे वाचवायचे तर हा मार्ग चांगलाच. टायर, ट्यूब, चेन, फ्रीव्हील, गट्टू, कॉटर, ग्रीस भरून ओव्हरहॉल, एवढं करूनही नव्या सायकलच्या निम्म्यात भागतं. धाकट्यानं ती ओढून बाहेर आणली. कोळिष्टकं, सीटचं कातडं उंदरांनी खाल्लेलं. त्यानं काही बिघडत नव्हतं. पण मी पुढचं चाक बाजूनं बघितलं आणि चिमटा मागं वाकलेला दिसला. कधीतरी जोरात धडकलेली असणार. फ्रेमला हँडलच्या नळीशी रंगाखाली एक बारीक रेघ होती. नख फिरवलं तर अडकलं. चीर. चिमटा बदलता येतो, चिरलेली फ्रेम वेल्डिंग करून रोज सहा-सात किलोमीटर हाणायची नसते. मी म्हटलं, हिला भंगारवाल्याला द्या, आठ दिवसांत इथल्याच भट्टीत जाऊन कुणाच्या तरी स्लॅबमध्ये बसेल. भाऊ आतून सगळं ऐकत होते. त्या दिवशी ते जेवताना बोलले नाहीत म्हणे.

नव्या सायकलचा हिशोब मग सरळ झाला. साधी काळी पाच-सहा हजारांत येते. तारेच्या ब्रेकची, जरा हलकी, सव्वीसच्या बारीक चाकांची सात-आठ हजारांपर्यंत. सायकलवरचा जीएसटी २०२५च्या २२ सप्टेंबरपासून १२चा ५ टक्के झालाय. दुकानदार जुनंच बिल फाडत असेल तर बोट ठेवायचं. वर हजारभर बाजूला ठेवायचे: चांगलं कुलूप, पुढं पांढरा आणि मागं लाल दिवा, रिफ्लेक्टर, पंप. पाळी संपवून रात्री येणाऱ्यानं दिव्यात काटकसर करू नये. आमच्या लहानपणी बिनादिव्याच्या सायकलला पोलीस थांबवायचा आणि नगरपालिकेचा बिल्ला नसला तर वेगळा. आता कुणी विचारत नाही, ट्रकवालाही नाही.

इतकं सगळं झाल्यावर वहिनी खऱ्या मुद्द्यावर आल्या. मला वाटलंच होतं, काहीतरी शिल्लक आहे.

"ताई, रविवारी देऊळगाव राजाचे पाहुणे यायलेत. मुलीकडचे. दारात सायकल दिसली तर काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"परिस्थिती नाही म्हणतील."

बघा आता. हप्त्यावरची बुलेट दारात असली की परिस्थिती असते. रोखीनं घेतलेली सायकल असली की नसते. आणि हेच पाहुणे आपल्या गावाकडं पोरींना मानव विकासमधून सायकल मिळाली की पेढे वाटतात! आपल्याही जिल्ह्याच्या खेड्यांत आठवी ते बारावीच्या मुली त्या सायकलींवर शाळेला जातात. सगळ्या बिनगिअरच्या, सगळ्या मडगार्ड-कॅरिअरवाल्या. त्यातली एखादी उद्या नवरीही होईल. तिला नवऱ्याच्या सायकलचं काय वाटायचंय?

"तसं नाही हो. तिचे वडील शेतकी खात्यात होते म्हणे."

"मग तर त्यांनी जन्मभर सायकलच चालवली असेल."

"तेच तर. म्हणून तर त्यांना नको असेल."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. वहिनी कधी कधी असं एखादं वाक्य बोलून जातात की भिंतीच्या या बाजूला माणूस गप्प होतो.

शेवटी धाकट्यानंच निकाल लावला. गुरुवारी संध्याकाळी मामा चौकाकडच्या एका दुकानातून सायकल आली. हिरवी, पोलादी फ्रेम, सव्वीसची एक-तीन-अष्टमांशवाली चाकं, तारेचे ब्रेक, मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर. चाक लहान असल्यामुळं ४४-१८वरच एका फेऱ्याला पाच मीटरच पडतात, म्हणून फ्रीव्हील बदलायची गरज पडली नाही. ते त्यानं दुकानात उभं राहून स्वतः मोजलं आणि मला फोन करून विचारलं. नखानं आउट बघितला, मागच्या चाकात निघाला, तिथंच काढून घेतला. दुकानदार म्हणाला म्हणे, "कुणी शिकवलं हो तुम्हाला?" कुलूप-दिव्यासकट आठ हजारांच्या आत काम झालं. पंधरा दिवसांनी पुन्हा नेऊन स्पोक आवळून घ्यायचे आहेत. नवीन चाकातले स्पोक बसतात आणि ढिले पडतात. ही फेरी चुकवली तर वर्षभर चाक डुगडुगतं.

साहेबांचं म्हणाल तर इस्त्रीवाला बरोबर निघाला. गाडीची चावी बाईसाहेबांकडं आहे. कारण अजून कळलेलं नाही, पण शनिवारी नळाला पाणी येणार आहे आणि सगळ्या बाहेर असतील, तेव्हा कळेल.

पाहुणे रविवारी सकाळी अकराला यायचे आहेत. सायकल दारातून हलणार नाही, हे धाकट्यानं आईला बजावलंय. मी वहिनींना एवढंच सांगितलंय की तिच्या हँडलवर ओले टॉवेल वाळत घालू नका, ब्रेकच्या तारा गंजतात.